वसाहतीत आगबोट आढळली नाही

इस्राएलच्या वाळवंटात, येरुहाम गावाच्या अलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक वसाहत होती. सन १९५५च्या उन्हाळ्यात त्या वसाहतीचा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह हरवला. पाइपलाइन टाकून झाली होती, पाणीही तिच्यात येऊन थांबले होते. फक्त ते सोडायचे कुठून, हे कोणाला ठाऊक नव्हते. नकाशावर व्हॉल्व्हची जागा एका काटेरी झुडपावरून दाखवली होती आणि ते झुडूप कोणाच्या तरी शेळीने खाल्ले होते. त्या जागेवर पुढे खोल्या उभ्या राहिल्या. व्हॉल्व्हचा शोध पूर्ण होईपर्यंत टँकरने पाणी द्यावे, असा हुकूम निघाला. टँकर मनात येईल तेव्हा येई आणि वाटेत निम्मा गळून येई.

पाणी-कार्यालयाचे अधिकारी अमोस यांनी धातुशोधक यंत्र आणण्याचे ठरवले. बीरशेबाच्या गोदामात तीन यंत्रे होती. पहिले लष्कराचे, सुरुंग शोधायचे. ते वाजले की चालवणाऱ्याने पोटावर पालथे पडावे, असा नियम होता. पत्र्याच्या वसाहतीत ते सतत वाजणार आणि मग माणूस दिवसभर पालथाच राहणार, म्हणून ते नापसंत झाले. दुसरे प्राचीन नाणी शोधणाऱ्यांचे. त्याने खरोखरच काही प्राचीन शोधले असते तर विद्वान मंडळींनी कुंपण घालून वसाहतच उठवली असती. तिसरे यंत्र हैफा बंदरातले होते. त्याला एक चक्र होते आणि चक्रावर एक ते दहा आकडे. दहावर लावले की सुई ऐकू येते आणि एकवर लावले की फक्त बुडालेली आगबोट, असे त्याच्या इंग्रजी पुस्तिकेत लिहिले होते. समितीने हे पसंत केले, कारण चौथे यंत्र नव्हते.

आता चालवणारा हवा होता. अमोस यांनी स्वतः कानाला लावून पाहिले, तर यंत्राला त्यांचाच शोध लागला. पट्ट्याचे बक्कल, बुटांचे खिळे, किल्ल्या आणि दाढेतले सोने, सगळे एकदम वाजू लागले. वसाहतीत अंगावर धातूचा कणही नसलेला एकच माणूस निघाला. जुडा वाक्रूळकर घरात असो की बाहेर, सदरा आणि नाडीची विजार घालून अनवाणी फिरे. शिवाय मुंबईत गिरणीच्या स्टोअरात कारकुनी केल्यामुळे त्याला इंग्रजी वाचता येत होते. नेमणुकीच्या कागदावर पात्रतेच्या रकान्यात ‘दोरीने बांधलेला हिंदी गृहस्थ’ असे नोंदवण्यात आले.

नियम सोपा होता. यंत्र जिथे वाजेल तिथली जमीन कंबरभर खणायची. जुडाने चक्र दहावर लावले आणि पहिल्याच खोलीत, फ्लोराबायच्या इथे, यंत्र ठणाणा करू लागले. फ्लोराबायच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि बाज होती नेमकी त्याच जागी.

“जुडाभाऊ, पाणी सगल्यांनाच पायजेल,” फ्लोराबाय म्हणाली. “पण खणायला माजंच घर गावलं तुला? त्याचा कान जरा कमी कर.”

तिचे म्हणणे रास्त होते. जुडाने चक्र आठवर आणले. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असा पक्षपात नको, म्हणून सगळ्या वसाहतीलाच आठ लागू झाले. पुढच्या खोलीत रूमानियाहून आलेल्या रूवेनची लोखंडी शेगडी आठवर वाजली. त्याने हात जोडल्यावर सहा लागू झाले. सहावर अमोस यांच्या कचेरीतली तिजोरी वाजली. त्यांनी ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव’ दोनचा आदेश काढला. आदेशावर सही व्हायला उशीर झाला, पण तोवर खणायला कोणी कुदळ उचलली नाही.

दोनवर वसाहत शांत झाली. जुडाचे चित्तही शांत झाले आणि सगळ्यात शेवटी तो आपल्या खोलीत शिरला. चुलीपाशी येताच यंत्र वाजले. एवढा जाड आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता. दोनवर शेगडी वाजत नाही की हंडाही वाजत नाही, हे त्याला पुस्तिकेमुळे पाठ होते. खाली व्हॉल्व्ह होता. सगळ्या वसाहतीचे पाणी त्याच्या चुलीखाली अडले होते.

त्याची बायको मलका भाकरी थापत होती. तिने दोन हिवाळे तंबूत काढले होते. चिखलात चूल विझायची, आणि ती पुन्हा पेटवताना तिचे डोळे सुजायचे. या खोलीत आल्यावर शेजारच्या बांधकामावरून उरलेले सिमेंट मागून आणून तिने ती जमीन स्वतःच्या हातांनी केली होती. आवाज तिलाही ऐकू गेला.

“मी कायच ऐकलं नाय,” मलका म्हणाली. “तुमीबी नाय.”

जुडाला लाज वाटली. खूप वाटली. मग त्याने चक्र एकवर आणले आणि ते सगळ्यांना लागू झाले.

अहवाल रीतसर गेला. ‘संपूर्ण वसाहतीचा शोध पूर्ण. कोठेही आगबोट आढळली नाही.’ वरिष्ठांनी समाधान व्यक्त केले. टँकर शोध पूर्ण होईपर्यंतच मंजूर होता, त्यामुळे तो दुसऱ्याच दिवशी बंद झाला.

आता मात्र घसे कोरडे पडले. लोक बादल्या घेऊन दूरच्या वस्तीपर्यंत पायी जाऊ लागले. व्हॉल्व्ह सापडावा म्हणून कोकण-मुंबईकडून आलेल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करायचे ठरवले, पण पोहे भिजवायला पाणी नव्हते. प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी कोरडे पोहे चावले आणि एकमेकांकडे पाहणे टाळले. फ्लोराबायची सून पाणी मागत होती.

शेवटी सगळी वसाहत कचेरीपुढे जमली आणि यंत्र दहावर लावून नव्याने शोध घ्या, अशी एकमुखी मागणी झाली. अमोस म्हणाले, “बेसेदेर, हरकत नाही. सुरुवात कोणाच्या घरापासून?”

एकमत तिथेच संपले. जो तो शेजारच्या घराकडे बोट दाखवू लागला. फ्लोराबायने रूवेनकडे दाखवले, रूवेनने कचेरीकडे, अमोस यांनी जुडाकडे. जुडाने क्षणभर खाली पाहिले आणि मग फ्लोराबायकडे बोट केले. सगळी बोटे अहवालात नोंदवून घेण्यात आली, आणि प्रत्येक घराविरुद्ध एकच बोट असल्यामुळे कोणत्याही घराविरुद्ध बहुमत होऊ शकले नाही.

हा वृत्तांत वाचून ज्यांना या लोकांचे हसू आले असेल, त्यांनी आपल्या स्वयंपाकघराचा पत्ता लेखी कळवावा. यंत्र अजून चालू स्थितीत आहे. ते दहावर लावून, सोबत एक कुदळ देऊन, आपल्याकडे पाठवण्यात येईल. अद्याप एकही पत्ता आलेला नाही.