यांतली लव्हॉन कोणती?

प्रत्येक सुसंस्कृत संस्थेत दोन प्रकारची माणसे असतात: ज्यांची नावे लक्षात ठेवावीच लागतात, आणि ज्यांची ठेवली तर ठेवणाऱ्याचे कौतुक होते. मिलवॉकीतल्या एका विमा कंपनीने या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी जे केले, त्याचा आदर्श इतरांनी जरूर घ्यावा.

लव्हॉन टिस्डेल या कंपनीच्या दावे विभागात अकरा वर्षे होती. उंच, पन्नाशीची, केस अगदी बारीक कापलेले, आणि हसली की मजल्याच्या दुसऱ्या टोकाला कळे. त्याच विभागातली एबेले न्वोसू नायजेरियातून आलेली, तिशीच्या आतली, लव्हॉनच्या खांद्याला लागणारी, पाठभर वेण्या असलेली. दोघी काळ्या होत्या आणि दोघींना एकच प्रिंटर होता. कंपनीला एवढे साम्य पुरले. लव्हॉनला रोज कोणी ना कोणी 'एबेले' म्हणे, एबेलेला 'लव्हॉन', आणि पोर्तोरिकोच्या मारिबेलला आलटून पालटून दोन्ही. (मारिबेल उंचही नव्हती आणि काळीही. पण ती त्यांच्याच टेबलावर जेवत असे.)

तक्रार होताच कंपनीने तातडीने पावले उचलली. 'गौरेतर महिला परस्पर-सहकार्य मंडळ' स्थापन झाले. त्याला दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एक खोली, एक फळा आणि बिनसाखरेची बिस्किटे मंजूर झाली. पाठोपाठ वरिष्ठांसाठी 'नाव हाच सन्मान' ही कार्यशाळा भरली. तीत गन्डरसन साहेबांनी पहिला क्रमांक पटकावला, आणि प्रशस्तिपत्र हातात घेऊन बाहेर पडताना ते एबेलेला गहिवरून म्हणाले, "हे सगळं तुझ्यामुळे, लव्हॉन."

बिस्किटे कोणी खात नसे. लव्हॉन मॅकरोनी-चीजचे भांडे आणी, एबेले लालभडक जोलोफ भात. अशाच एका गुरुवारी एबेले म्हणाली, "ताई, काल बैठक सोडून मी पोराच्या शाळेत गेले होते. तरी माझी हजेरी लागली!"

"लागणारच. मी होते ना तिथं," लव्हॉन म्हणाली. "तुझ्या नावानं शाबासकीपण घेऊन आले."

मारिबेल भाताचा घास तोंडात असताना हसली, त्यामुळे पुढची काही मिनिटे तिची पाठ चोळण्यात गेली. ती सावरल्यावर मंडळाने आपला पहिला आणि एकमेव ठराव केला: जी समोर असेल तिने ओ द्यावी. तेव्हापासून कोणाचे दाताचे दुखणे राहिले नाही, कोणाच्या पोराचे स्नेहसंमेलन चुकले नाही. वर्षअखेर मंडळातल्या सहा जणींची हजेरी एकशे अठरा टक्के भरली. कंपनीने ती वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापली.

मग विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली.

लव्हॉनला ही जागा हवी होती. आतापर्यंत आलेल्या तिन्ही प्रमुखांना दावा कशाशी खातात हे तिनेच शिकवले होते. (तिघेही गुणी मुलगे होते. एकाला तर पुढे ते जमूही लागले.) या वेळी मुलाखतीला जाण्याआधी तिने आईलाही सांगून ठेवले होते.

"पण लव्हॉन," गन्डरसन साहेब मुलाखतीत नाव अचूक घेत म्हणाले, "तुम्हाला तर आम्ही मागेच बढती दिली."

"ती एबेलेला दिलीत."

"केक तुम्ही कापलात!"

"सुरी तुम्ही माझ्या हातात दिलीत, साहेब."

साहेबांनी विचार केला. एकाच व्यक्तीला लागोपाठ दोनदा बढती दिली तर इतरांवर अन्याय होईल, असे त्यांनी अत्यंत जड अंतःकरणाने सांगितले.

खाली येऊन लव्हॉन रडली. यात गमतीचे काही नाही. ती खरोखर, डोळे सुजेपर्यंत रडली.

"पूस डोळे," एबेले म्हणाली. "उद्या आपण सगळ्याच जाऊ. ओळख म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी निवड समितीसमोर मंडळाच्या सहा जणी ओळीने उभ्या राहिल्या. सातवी म्हणून मारिबेलने बाहेरची फरशी पुसणाऱ्या बाईलाच हाताला धरून आत ओढले. सहा जणींची ओळ तिच्या डोळ्यांना बरी दिसेना.

"यांतली लव्हॉन कोणती?" लव्हॉननेच विचारले. "ओळखलीत तर अर्ज मागे घेते."

गन्डरसन साहेबांना घाम फुटला. त्यांनी प्रशस्तिपत्र आठवले, चेहरे पाहिले, नाइलाजाने चपला-बूटही पाहिले. कंपनीचा वकील त्यांच्या कानाला लागला: चुकीची दाखवली तर खटला, बरोबर दाखवली तर इतकी वर्षे ओळखता येत असून ओळखले नाही असे सिद्ध होईल, म्हणजे मोठा खटला. कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग एकच उरत होता, आणि समितीने तो एकमताने स्वीकारला. सातही जणी विभागप्रमुख झाल्या. (पूर्वी महिनोन्‌महिने पडून राहणारे दावे आता आठवड्यात निकाली निघतात. हा प्रकार कसा घडला याची चौकशी चालू आहे.)

सातही जणी नाचत खाली आल्या. लव्हॉनने आईला फोन लावला. "झालं, आई!"

"तूच ना गं ती?" आईने विचारले. "नीट बघून घे."

तेवढ्यात दारांवरच्या पाट्यांसाठी नावे विचारायला माणूस आला. सहा नावे झाली आणि सगळ्या सातवीकडे, फरशी पुसणाऱ्या बाईकडे, बघू लागल्या. लव्हॉन त्या बाईला रोज सकाळी 'राणी' म्हणे, एबेले 'काकू', मारिबेल 'माझे आई'. सगळ्यांनी अगदी प्रेमाने.

लव्हॉनचे कान तापले. "बाई गं," ती हळूच म्हणाली, "तुझं नाव काय?"

"बरं झालं विचारलंस," ती बाई म्हणाली. "मला वाटलं, मलापण लव्हॉनच करताय."

तिने नाव सांगितले. सहा जणींनी ते मोठ्याने म्हणून घोकले, आणि तिनेही दोनदा त्यांचे उच्चार सुधारले. ते नाव इथे दिलेले नाही, कारण वाचकांपैकी अजून कोणी विचारलेले नाही. (ज्यांना या क्षणी आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची आठवण झाली असेल, त्यांच्या माहितीसाठी: 'मावशी' हे नाव नव्हे.)