पाणघोड्याचे बेचाळीस उपक्रम

चर्रर्र!

दुपारच्या शांततेत चिकटपट्टी ओढल्याचा आवाज झाला आणि आई जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीत सव्वाचार वर्षांची टिल्ली कुशीवर वळली, तिने दोनदा ओठ चाटले, आणि पुन्हा झोपली. आईने श्वास सोडला. बालकाचा सर्वांगीण विकास बालक झोपलेलं असतानाच उत्तम होतो, हे आता सर्वमान्य आहे.

टिल्लीच्या बालवाडीने यंदापासून ‘चित्रपटाधारित आनंददायी अध्ययन’ स्वीकारलं होतं. एक चित्रपट घ्यायचा आणि त्यातून अंकओळख, रंगओळख, हस्तकौशल्य, सहानुभूती असं जे जे निघेल ते काढायचं. चित्रपट होता पाणघोड्याच्या पिल्लाचा. ते धुक्यात आईपासून चुकतं आणि तिला शोधत नदीभर फिरतं, असं बाईंनी वर्गात परिपत्रकातून वाचून दाखवलं होतं. त्यावर उपक्रम बेचाळीस. चित्रपट मात्र दाखवायचा नव्हता, कारण पडद्याने मुलांचे डोळे बिघडतात (परिपत्रक तीन). चित्रपटातूनच शिकवावं, असं परिपत्रक चारमध्ये होतं. दोन्हींवर एकाच दिवशी सही झालेली असल्यामुळे कुठलंच रद्द होत नव्हतं.

बेचाळीस उपक्रमांची वही सोमवारी द्यायची होती. वही अपुरी, तर मूल मोठ्या गटात जाणार नाही; आणखी एक वर्ष छोट्या गटात, नव्याने आलेल्या रडक्यांच्या सोबतीने. टिल्लीची जिवाभावाची मैत्रीण, शेजारची गोटी, मोठ्या गटात जाणार हे तर ठरल्यासारखंच होतं. टिल्लीने दोघींची बाकावरची जागासुद्धा वाटून घेतली होती. खिडकीकडची गोटीला, कारण गोटीला उकडतं.

तेव्हा आईने कंबर कसली. पाणघोड्याचे दात मोजणे (उपक्रम एक) झालं. चिखलाच्या पाच छटा ओळखणे झालं. बुटांच्या खोक्याचा जबडा आठवडाभर सोफ्यावर वाळत होता आणि टिल्लीचे बाबा त्याला वळसा घालून ऑफिसला जात होते.

“आई, मी चिकटवू एक दात?” टिल्लीने एकदा विचारलं होतं.

“हात नको लावूस गं राणी. तुझा अभ्यास आहे तो, बिघडेल.”

प्रत्येक उपक्रम ‘बालकाने स्वतः केला’ याचा पुरावा म्हणून बालकाचा हात दिसेल असा फोटो हवा होता. म्हणून आई रोज दुपारी झोपलेल्या टिल्लीच्या मुठीत ब्रश खोचायची, फोटो काढायची, आणि ब्रश अलगद सोडवून घ्यायची. हे करताना ती दरवेळी त्या मुठीचा एक पापा घ्यायची (याला वहीत रकाना नव्हता). एका पाहणीनुसार वर्गातल्या एकोणीसपैकी सतरा मुलं झोपेतच चित्रं काढतात. उरलेल्या दोघांच्या घरी आजी आहे, आणि ती झोपलेल्या नातवंडाला हात लावू देत नाही. (पाहणी गोटीच्या आईने बालवाडीच्या फाटकात उभं राहून केली.) उपक्रम सव्वीस, म्हणजे पाणघोड्यासारखी जांभई देणे, हा तेवढा टिल्लीने खरोखरच स्वतः केला.

सोमवारी बाईंनी वही चाळली. पुन्हा चाळली.

“टिल्लीची आई, काम फारच सफाईदार आहे हो. चार वर्षांच्या हाताला इतकी सफाई...”

आईने टिल्लीचे हात हळूच आपल्या ओढणीआड घेतले.

“...आजकाल असतेच म्हणा. गोटीने तर जबडा उघडमीट होणारा केलाय.” बाईंनी टिल्लीकडे वळून तोंडी परीक्षा सुरू केली. “बाळ, या पाणघोड्याबद्दल काय सांगशील?”

टिल्लीने वहीशेजारी ठेवलेल्या आपल्या खोक्याच्या जबड्याकडे पाहिलं. घरात तिला तो कधी इतक्या जवळून बघू दिला नव्हता.

“बाई, त्याला त्याची आई सापडली का?”

बाईंनी परिपत्रक उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी मदतनीस मावशींकडे पाहिलं. मावशींनी मुख्याध्यापिकांच्या बंद दाराकडे पाहिलं. शेवटी बाई गोड हसून म्हणाल्या, “अगं, परीक्षेत प्रश्न बाईंनी विचारायचे असतात.” आणि त्यांनी शेऱ्यात लिहिलं : ‘वही परिपूर्ण. मोठ्या गटात प्रवेश. बालक अधूनमधून विषय सोडून बोलते.’

आईचा जीव भांड्यात पडला. फाटकाबाहेर येईपर्यंत ती हवेत चालत होती. खिडकीकडची जागा गोटीला, तिच्या शेजारची टिल्लीला. सगळं मार्गी लागलं होतं.

टिल्लीने तिचं बोट ओढलं. “आई, सांग ना. सापडली का?”

आईने तोंड उघडलं. दात, छटा, नदीची लांबी, पिल्लाचं वजन, सगळं तिला तोंडपाठ होतं. बाकीचं मोठ्यांपैकी कुणालाच विचारायचं सुचलं नव्हतं. (वाचकांनीही इथवर दात मोजले, पण विचारलं नाही, याची नोंद घ्यावी.)

“बाईंना माहीत नाही, ठीक आहे,” टिल्ली समजुतीने म्हणाली. “पण आई, सगळं तर तूच केलंस ना? मग तुला कसं नाही माहीत?”