क्रेंपेनरोडाच्या ढालीवरील सोनेरी वाटोळ्याची मोहीम

सकल इमानी वाचकांस विदित व्हावे की, मुलूख थुरिंगिया, मौजे क्रेंपेनरोडा, येथील ग्रामचिन्हाची ढाल हिरवी, तीवर सोनेरी वाटोळे, आणि ऐन मध्यात तपकिरी ठिपका. आणि त्याचा अर्थ गावात कोणासच ठाऊक नव्हता. तरी खाणावळवाले राजमान्य राजश्री ओट्मार यांणी दारावर तख्ती ठोकली की, हा आमचे पणजोबांचा क्लोस, म्हणजे उकडल्या बटाट्याचा गोळा, आणि ठिपका तो पोटातला तळल्या पावाचा तुकडा. त्या तख्तीच्या इतबारावर रविवारी बसगाड्या भरून गिऱ्हाईक येई, आणि खाणावळीचा कुल डोलारा तिजवरच उभा होता.

मग शेजारची गिरणीवाली, वज्रचुडेमंडित गुंडुलाबाई, कुंपणावरून बोलती जाहली, "ओट्मार, डोळ्यांत पीठ गेलंय का तुझ्या? ते आमचं जातं आहे. मधे दाणे टाकायचं भोक."

"सोन्याचं जातं? तुझ्या बापाने कधी दळलं होतं गं?"

"आणि तुझा गोळा पिवळा असतो वाटतं? पांढराफटक तर असतो."

आणि पैज मुक्रर जाहली की, हरेल त्याने जत्रेत जिंकणारास एकचाकी हातगाडीत बसवून कारंज्याभोवती मिरवावे; आणि ओट्मार हरल्यास तख्ती उतरावी, गुंडुला हरल्यास तीच तख्ती गिरणीवर चढावी.

मग जत्रेच्या रोजी चर्चपुढे दरबार भरला, आणि सरपंचीण ट्राउटेबाई बियरच्या पिंपावर न्यायासनी बसल्या, आणि ओट्मार यांणी छाती काढून अर्ज गुदरला, "गोळा मधोमध कापा, हुबेहूब हेच दिसतं."

बाजा बंद पडला. म्हाताऱ्यांनी पेले खाली ठेविले.

"कापा?" गुंडुलाबाई हळूच म्हणाली. "सुरीने?"

त्या मुलखी क्लोस काट्याने फोडावा. सुरी लावणे म्हणजे रांधणारीचा गोळा दगड जाहला ऐसे भर पंगतीत म्हणणे.

"तर पणजोबा गोळ्याला सुरी लावायचे, असं लिहून घ्या बाई," गुंडुलाबाई सरपंचिणीस म्हणाली.

ओट्मारांस एकीकडे बसगाड्या दिसल्या, आणि दुसरीकडे पणजोबा दिसले, आणि पणजीही दिसली. मग मान खाली घालोन म्हणाले, "जातं आहे. आमच्या घराण्यात सुरी नव्हती."

मग ट्राउटेबाईंचे फर्मान सुटले, आणि ओट्मार यांणी स्वहस्ते तख्ती उतरविली, आणि गुंडुलाबाई हातगाडीत आरूढ जाहली, मांडीवर ओट्मारांचेच खाणावळीची थाळी, आणि बाजा वाजो लागला. कारंज्यापाशी तिने काट्याने क्लोस फोडिला. रश्श्याने सोनेरी जाहलेला, आणि ऐन मध्यात तपकिरी तुकडा. तिने एकवार कारंज्यावरील ढालीकडे पाहिले, एकवार थाळीकडे.

मग पुरावा मुखात टाकोन आज्ञा केली, "थांबलास का रे? ढकल."

येणेप्रमाणे गिरणीची फत्ते जाहली.