माझ्याच स्वयंपाकघरातली राष्ट्रीय तपासणी

तुम्हाला म्हणून सांगतो, देशभरातल्या अन्न निरीक्षकांना शहाणं करून सोडायचं काम सरकारनं माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते त्यांना हे इतक्या उशिरा सुचलं याचं!

परिस्थितीच तशी होती हो. प्रत्येक निरीक्षकाची तऱ्हा वेगळी. एक जण हॉटेलात शिरला की फक्त पाली शोधायचा. दुसरा नुसता मोरीत डोकावून परत यायचा. तिसऱ्याला चहा मिळाला की सगळं चकाचक दिसायला लागायचं! या सगळ्यांना एका शिस्तीत आणणारा राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम मी एकहाती उभा केला. व्याख्यानं, तक्ते, परीक्षा, सगळं काही. पहिली तुकडी शिकून तयारही झाली. आता संचालक मॅडमसमोर त्या मुलांनी एका स्वयंपाकघराची तपासणी करून दाखवायची, मॅडम सही करणार आणि कार्यक्रम देशभर सुरू! नाही जमलं तर कार्यक्रम बासनात, आणि मी पुन्हा आवक-जावकच्या टेबलावर.

घोडं अडलं ते स्वयंपाकघरापाशी. सरावासाठी बांधायला घेतलेल्या स्वयंपाकघरात ठेकेदारानं एका भिंतीला बेसिन बसवलं होतं, तिथे नळ नव्हता. समोरच्या भिंतीला नळ बसवला होता, तिथे बेसिन नव्हतं!

"मग पुढे ढकलू या," मॅडम म्हणाल्या.

"छे छे! माझ्या घरी करू या की! सकाळी मी स्वतः तिथे सात चुका पेरून ठेवतो. मुलांनी त्या हुडकायच्या."

"घरच्यांना चालेल?"

"घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी नाही, मॅडम!" हे मी कोणत्या धुंदीत बोललो, देव जाणे.

बायकोला मी एवढंच सांगितलं की ऑफिसातली मंडळी चहाला येताहेत. स्वयंपाकघर हा तिचा फार हळवा विषय आहे. तिथे तपासणी होणार म्हटल्यावर तिनं आधी माझीच केली असती. मुलांना सांगितलं, की घरगुती डबे पुरवणाऱ्या एका बाईंची जागा आहे. "बाई जरा तिखट आहेत. गोड बोलतील, चहा विचारतील, भडकतील. विरघळायचं नाही! आणि कोणी मोठी ओळख सांगायला लागला, तर त्याचं मुळीच ऐकायचं नाही!"

ठरल्या दिवशी बायको आंघोळीला गेली, आई गच्चीत झाडांना पाणी घालायला गेली आणि मी कामाला लागलो. कच्ची अंडी उघड्या दुधाच्या बरोबर वर ठेवली. झुरळांची पावडर पिठाच्या डब्याला चिकटवून ठेवली. फरशी पुसायचं फडकं ताटांवर पसरलं. मुदत संपलेली सॉसची बाटली खास ऑफिसातून आणली होती, ती फ्रिजच्या दारात लावली. हात धुवायचा साबण लपवला. अशा सातही चुका करून झाल्यावर मी लांब उभं राहून एकदा डोळे भरून पाहिलं. काय सुंदर घाण होती!

मग बाहेर येऊन टाय बांधत होतो, तर बायको दबक्या पावलांनी आली.

"अहो, हळू बोला. आईंचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"अंडी दुधावर! झुरळांची पावडर पिठाशेजारी! मी सगळं नीट लावलं, पण असंच चाललं तर एक दिवस कोणाच्या तरी पोटात जाईल हो ते! मी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण ती कपाटातून चांगले कप काढायला निघूनही गेली. तेवढ्यात दुसऱ्या दारातून आई.

"अरे, सूनबाईचं काही खरं नाही. फरशीचं फडकं ताटांवर पसरलं होतं तिनं! साबण सापडला कुठे, तर तांदळाच्या डब्यामागे! मी सगळं निस्तरलं, पण तिच्या डोक्याला फार ताप झालाय. तिला काही बोलू नकोस."

म्हणजे माझ्या सातही चुका साफ! नव्यानं पेराव्यात म्हणून मी बुटांसकट स्वयंपाकघरात धावलो, पावडरीचा डबा हातात घेतला, बोटांवर थोडी सांडली आणि दारावरची बेल वाजली. डबा होता तिथे ठेवून मी दार उघडलं.

दारात मॅडम, मागे डोक्यावर टोप्या आणि हातांत मोजे चढवलेली माझी तुकडी. सगळ्यात पुढे वर्गात जिला सगळे 'भिंग' म्हणतात ती मुलगी. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"या, बसा ना! चहा टाकते," बायको हसत म्हणाली.

"ताई, तपासणीच्या जागी आम्ही काही घेत नाही," भिंग म्हणाली.

"तपासणी? कसली तपासणी? अहो!"

"भडकल्या," मागचा एक जण समाधानानं पुटपुटला.

"अरे, ही मुलं डोक्याला पिशव्या बांधून का आलीत?" आईनं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मुलांनी स्वयंपाकघर पिंजून काढलं. डबे हुंगले, फ्रिज पालथा घातला. शेवटी भिंग म्हणाली, "मॅडम, सगळं उत्तम आहे. एकही चूक नाही."

"अगं, पिठाच्या डब्याजवळ बघ!" मी ओरडलो.

"पाहिलं सर. पीठच आहे."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "सातातली एकही नाही? मग यांना शिकवलंत तरी काय?"

माझ्या डोळ्यांसमोर आवक-जावकचं टेबल उभं राहिलं आणि माझा तोल सुटला. "सापडतील कशा? या दोघींनी सगळं साफ केलं! सकाळी मीच ठेवल्या होत्या हो चुका, या हातांनी!"

बायकोनं हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "आणि मी आईंसाठी डॉक्टरांची वेळ घेतली!"

"माझ्यासाठी?" आई म्हणाली. "अगं, मी तुझ्यासाठी घेतलीय!"

दोघी आधी एकमेकींकडे आणि मग सावकाश माझ्याकडे वळल्या. पण त्यांच्या आधी भिंग माझ्यापाशी पोचली.

"सर, हात दाखवा. ही पांढरी पावडर कसली?"

"झुरळांची. म्हणजे, मी ती..."

"हात धुतलेत?"

"नाही, पण..."

"आणि हे बाहेरचे बूट?"

"अगं बये, मी सर आहे तुमचा!"

"ओळख सांगणाऱ्याचं मुळीच ऐकायचं नाही, सर. तुम्हीच शिकवलंत."

"मॅडम, सांगा ना हिला काहीतरी!"

"मी चालू तपासणीत लुडबुड करत नाही," मॅडम म्हणाल्या. पेनाचं टोपण मात्र त्यांनी पुन्हा काढलं होतं.

भिंगनं खणखणीत आवाजात निकाल दिला. "स्वयंपाकघर उत्तम. धोका एकच आहे आणि तो टाय बांधून उभा आहे. या इसमाला स्वयंपाकघरात यायला बंदी!"

मॅडमनी तिथल्या तिथे सही ठोकली. "साहेबाला खूश करायला नसलेली चूक दाखवली नाही, आणि असलेली दाखवताना साहेबाला घाबरली नाहीत. कार्यक्रम देशभर सुरू करा!"

मला आनंदानं उडीच मारायची होती. पण बायकोनं भिंगला शांतपणे विचारलं, "ही बंदी उठते कधी?"

"प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्यावर, ताई."

"कुठलं प्रशिक्षण?"

"हेच. सरांचं."

मी मोठ्यानं हसलो. एकटाच.

तेव्हापासून घोटभर पाणी हवं असलं तरी मी दाराबाहेरूनच हाक मारतो. सासू-सुनेत तर इतकं गूळपीठ झालंय की एकीचं "थांबा जरा!" आणि दुसरीचं "थांब जरा!" एकदमच येतं. कार्यक्रम देशभर जोरात चाललाय. पुढची तुकडी सोमवारी सुरू होतेय, पहिल्या बाकावर मी आहे. प्रश्नपत्रिका मीच काढलीय, हे काल घरात जरा तोऱ्यात सांगून पाहिलं.

आई म्हणाली, "तरी थोडा अभ्यास करून जा, बाबा."