विजेच्या किटलीला माती

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सोजराबाईंना चुलीच्या धुरापाशी बसायची मनाई केली, म्हणून अकोल्याला नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने, माणिकरावाने, विजेची चहाची किटली पाठवली. त्यांच्या उंद्री गावात वीज येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. भावाची माया पाहून सोजराबाईंना भरून आले. एवढी चकचकीत वस्तू काळी होऊ नये, म्हणून चुलीवर चढवायच्या भांड्याला लावतात तशी तिच्या बुडाला त्यांनी ओली माती थापली. वायर खोचायच्या भोकांतसुद्धा.

बटण दाबताच फाडकन आवाज झाला आणि घरचा फ्यूज उडाला.

"माती काऊन लावली वं?" नवऱ्याने, उकंडरावांनी विचारले.

"काजळी धरू नये म्हून. बिनमातीचं भांडं कोनी चढवते का?"

उकंडरावांना हे पटले. त्यांच्या आईनेही जन्मभर तेच केले होते.

दुपारच्या गाडीने खुद्द माणिकराव यायचा होता. तुझ्याच किटलीतला चहा पाजीन, असे सोजराबाईंनी त्याला कार्डावर कळवून ठेवले होते. आता त्याला काय वाटेल, या विचाराने त्या रडकुंडीला आल्या आणि तशाच चुलीकडे निघाल्या. उकंडरावांनी त्यांना दारातच अडवले.

"तू डोये सांभाळ. चहा म्या करतो."

तीस वर्षांच्या संसारात उकंडराव चुलीपाशी गेले होते ते फक्त बिडी पेटवायला. लाकडे ओली निघाली. फुंकून फुंकून त्यांचा जीव मेटाकुटीला आला. चहा दोनदा उतू गेला, तिसऱ्यांदा एकदाचा किटलीत पोचला. बुडाची माती पुसून, वायर खोचून किटली बैठकीत मांडली गेली.

माणिकरावाने चहा पिऊन मान डोलावली. सोजराबाई म्हणाल्या, "तुह्ये लय उपकार झाले, माणिक." तेवढे मात्र अगदी खरे होते.

बैठकीत जरा अंधार होता. माणिकरावाने उठून दिव्याचे बटण दाबले. दिवा लागला नाही. त्याने दिव्याकडे पाहिले, किटलीकडे पाहिले, मग उकंडरावांच्या लाल डोळ्यांकडे आणि मिशीतल्या राखेकडे.

"दाजी, करंटबिगर चहा करते, असी किटली त अकोल्यातबी भेटत नाही."

उकंडरावांनी मान खाली घालून सगळे कबूल केले. माणिकराव पोट धरून हसला आणि त्याने आणखी एक कप मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फ्यूजला नवी तार घातली, काडीने भोकांतली माती कोरून काढली आणि किटली उन्हात खडखडीत वाळवली. मग ओसरीवर पाणी ठेवून पाहिले, तर पाच मिनिटांत उकळले. तो खुशीने दाजींना हाक मारणार, तोच सोजराबाईंनी त्याचा हात धरला. आतून फुंकणीचा आवाज येत होता. उकंडराव बायकोसाठी दुपारचा चहा करत होते.

"माणिक, तुह्या किटलीनं मले लय सुख देलं, बापा," सोजराबाई हळूच म्हणाल्या. "पन ते चालू झाली, हे त्याइले सांगू नको."