दहा व्हॉल्व्ह, वर दोन

बोईसरात धंदा कोणताही निघो, त्याची जाहिरात करणार झुंबर गर्जेच, असं झुंबर गर्जे स्वतःच सगळ्यांना सांगत असे. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पाथर्डीकडून तो इथल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून आला. तिथं त्यानं साहेबांच्या केबिनवर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' हे इतक्या सुरेख अक्षरात लिहिलं, की लोक अक्षर बघायला परवानगी न घेता येऊ लागले. नोकरी गेली, पण ब्रश हातात राहिला.

नवापूर नाक्याजवळ त्यानं एक गाळा घेतला आणि वर पत्र्याची पाटी लावली: 'झुंबर पेंटर'. पुढे फ्लेक्सचं मशीन आलं. बाकीचे पेंटर कपाळाला हात लावून बसले. झुंबरनं 'पेंटर'वर पांढरा रंग फिरवला आणि तिथं 'फ्लेक्स' लिहिलं. मग प्रत्येक कारखान्याला वेबसाइट हवीशी झाली. वेबसाइट म्हणजे काय हे झुंबरला माहीत नव्हतं आणि गिऱ्हाइकालाही नव्हतं, त्यामुळे सौदा पटकन जमला. पाटीवर 'वेब' आलं. मग फेसबुक आलं, रील आलं, आणि पाटीवर 'डिजिटल' आलं. 'झुंबर' मात्र पहिल्या दिवशीचंच. पुढच्या शब्दाच्या जागी रंगाचे इतके थर चढले, की पाटीचा तो भाग तव्यावरच्या पोळीसारखा टम्म फुगला होता.

"बाजार बदलतो, पण मी त्याच्या आधी बदलतो," झुंबर म्हणायचा. "शिडीवरून उतरलो तो कायमचा. आता सगळा धंदा बोटावर."

त्याची बायको सुगंधा दुकानाचा हिशेब सांभाळायची आणि उरलेल्या वेळात झुंबरला. ती म्हणायची, "उतरलात ते गुडघ्यांपायी. बाजाराचं नाव कशाला पुढं करता?"

गुडघ्यांचं खरंच होतं. शिडीचं नाव काढलं तरी ते कुरकुरत. आणि या वर्षी शिडी पुन्हा डोळ्यांसमोर नाचू लागली होती. कारण आता ज्याच्या हातात फोन, तो जाहिरातवाला. मिठाईवाल्याच्या पुतण्यानं रील करायला घेतली, मिठाईवाला गेला. क्लासवाला गेला. दातांचा डॉक्टर तर झुंबरकडे कवळी बसवायला गिऱ्हाइकं पाठवा म्हणून यायचा, तोही गेला. मोठं काम एकच उरलं: विक्रमशेठ घाटग्यांचा व्हॉल्व्हचा कारखाना. दुसरं छोटं गिऱ्हाईक म्हणजे किनाऱ्यावरच्या मुरबे गावची राहीबाई. ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. लॉकडाउनमध्ये झुंबरनं तिला व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायला शिकवलं, तेव्हापासून ती दर महिन्याला त्याची फी बोंबलांत द्यायची.

विक्रमशेठनी स्पष्ट सांगितलं होतं, "झुंबरराव, काहीतरी नवीन दाखवा. नाहीतर माझा भाचा पुण्यात हेच काम करतो."

हे काम गेलं असतं तर 'डिजिटल' पुसून पुन्हा 'पेंटर' लिहावं लागलं असतं, आणि तेही शिडीवर चढून.

म्हणून दुकानातल्या स्नेहलनं एक बॉट बनवला. स्नेहल पालघरची. संगणकातलं सगळं तीच बघायची. झुंबर फक्त मागं उभा राहून मान डोलवायचा. कुणी कारखान्याच्या व्हॉट्सॲपवर चौकशी केली की हा बॉट आपोआप उत्तर देणार. स्नेहलनं त्याला व्हॉल्व्हचा सगळा कॅटलॉग शिकवला. झुंबरनं त्याला दर विचारून पाहिला.

"आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद," बॉट म्हणाला. "आपले म्हणणे संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे."

"हे तर बँकेसारखं बोलतंय," झुंबर म्हणाला. "यात ओलावा कुठाय?"

"काका, ओलावा सोमवारनंतर टाकू," स्नेहल म्हणाली. "घिवलीला मावसबहिणीचं लग्न आहे. मी येईपर्यंत याला हात लावू नका."

झुंबरला हात लावू नका म्हणणं म्हणजे मांजरीला दूध दाखवून बाहेर जाणं. तो विचार करू लागला. अख्ख्या बोईसरात उत्तम विक्री कोण करतं? राहीबाई! तिच्या मासळीच्या पाटीपुढं उभा राहिलेला माणूस रिकाम्या हातानं गेलेला कुणी पाहिला नव्हता. आणि गिऱ्हाइकांना तिनं इतकी वर्षं पाठवलेले आवाजी निरोप दुकानातल्याच संगणकात पडून होते. झुंबरनं ते सगळेच्या सगळे बॉटला खाऊ घातले आणि खाली टाइप केलं: 'हिच्यासारखं विक.'

ते मशीन भलतंच हुशार. आणि आज्ञाधारक तर त्याहून.

सोमवारी सकाळी पहिली चौकशी आली. वापीच्या एका कंपनीतले खरेदी अधिकारी धीरज राऊत. हे गृहस्थ वर्षभर फक्त दर विचारत, घेत काहीच नसत. झुंबरनं सुगंधाला हाक मारून स्क्रीनपुढं बसवलं.

"आठ इंची व्हॉल्व्हचे दर कळवावेत," राऊतांनी लिहिलं.

"ये रे बाबा," बॉटनं लिहिलं. "सकाळची बोहनी तुझ्या हातनं होऊ दे. किती घेतोस सांग."

झुंबरनं मांडीवर थाप मारली. "बघितलंस? याला म्हणतात ओलावा."

"आधी दर कळवा. आणखी तीन ठिकाणी विचारलं आहे."

"मंग तिकडं जाऊन ये. वास घेऊन बघ. परत माझ्याकडंच येशील."

"व्हॉल्व्हचा कसला वास?" सुगंधानं विचारलं.

"रबराचा असतो थोडा," झुंबर म्हणाला. पण मांडीवरचा हात आता तिथंच थबकला होता.

बॉटनं दर सांगितला. कॅटलॉगातल्या दराच्या दीडपट. राऊतांनी कमी करा म्हणून लिहिलं. त्यावर बॉट जो सुटला, तो सुटलाच: "कालचा माल मी इकत नाय. रातीच उतरलाय, हात लावून बघ. घ्यायचं नाय तर भाव कशाला इचारतोस? मागं गिऱ्हाईक उभं हाय." मग जरा नरमला. "बरं, तुझा नको नि माझा नको." दर खाली आला. आणि लगेच पुढचा प्रश्न आला: "पिशवी आणलीस काय?"

मग राऊतांनी लिहिलं, "पिशवी?"

"मंग नेशील कशात? बरं, दहा घे, वर दोन टाकते."

झुंबर उठून उभा राहिला. आठ इंची व्हॉल्व्ह म्हणजे एकेक उचलायला दोन माणसं लागतात. बोंबलाच्या वाट्यावर दोन बोंबील टाकावेत तसे त्या मशीननं दोन व्हॉल्व्ह फुकट टाकले होते.

"बंद करा ते," सुगंधा म्हणाली.

"करतो की."

पण बंद करायचा पासवर्ड स्नेहलकडे. स्नेहलला फोन लावला तर तिकडून फक्त बँड ऐकू आला. झुंबर फोनवर ओरडला, "पासवर्ड!" तिकडून स्नेहल ओरडली, "हो काका, जेवूनच येते!"

शेवटी त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून बॉटलाच लिहिलं, "बंद हो."

"बंद कशाला होऊ? पाटी भरलेली हाय. घेतोस की उगा उभा?"

"मी मालक आहे," झुंबरनं लिहिलं.

"समदे मालक म्हणूनच येतात नि पावशेर नेतात."

सुगंधा तोंडाला पदर लावून हसत होती. झुंबरला वायर उपटायचं सुचलं, त्यानं ती उपटलीही. संगणक बंद पडला, पण बॉट तर संगणकात नव्हताच, इंटरनेटवर होता. मोबाइलवर उघडलेल्या कारखान्याच्या व्हॉट्सॲपवर तो आता गुजरातेतल्या दहेजच्या एका इंजिनिअरला सांगत होता की लग्न झालंय का, झालं असेल तर बायकोला विचारून ये, उगाच माल घेऊन जाशील नि शिव्या मला पडतील.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा बॉटनं सगळ्यांना एकच निरोप पाठवला: "बाजार उठला. उद्या लवकर ये." आणि तो आपणहून गप्प झाला. झुंबरनं दिवसातला पहिला मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात बाहेर विक्रमशेठची गाडी थांबली.

विक्रमशेठ आत आले ते मोबाइल समोर धरूनच. झुंबरनं खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"झुंबरराव, ही बाई कोण?"

"कोणती बाई?"

विक्रमशेठनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "'घ्यायचं नाय तर भाव कशाला इचारतोस? मागं गिऱ्हाईक उभं हाय.' माझी सेल्सची माणसं या राऊतला वर्षभर चहा पाजताहेत. आज त्यानं ऑर्डर पाठवली. वर मला फोन करून म्हणतो, तुमच्या ताई जरा कडक आहेत, पण माल उद्या संपेल अशी भीती वाटली."

झुंबरच्या गुडघ्यांत बळ आलं. त्यानं कॉलर नीट केली. "साहेब, यालाच आम्ही ओलावा म्हणतो. खूप अभ्यास करून—"

"हे तर माझंच बोलणं," दारातून आवाज आला.

राहीबाई. महिन्याची फी घेऊन आली होती. बोंबलांची पिशवी तिनं टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"माझी जीभ दुसऱ्याच्या पाटीत घातलीस, झुंबर? नि मला इचारलंस बी नाय?"

झुंबर बोंबलांची पिशवी उचलून टेबलाखाली ठेवू लागला. विक्रमशेठ मात्र खुर्चीवर बसले. "बाई, तुमची जीभ मला पाहिजे. वर्षाचं काम झुंबररावांनाच देतो, पण बोलणं तुमचंच राहिलं पाहिजे. फक्त ते दोन व्हॉल्व्ह फुकट टाकलेत, ते यांच्या फीतून कापणार."

"कापू नका," सुगंधा हिशेबाच्या टेबलावरून म्हणाली. "आधी दीडपट सांगून मग उतरवलाय. तरी तुमच्या नेहमीच्या दराच्या वरच आहे. तुमचे दोन त्यातच बसले."

विक्रमशेठ हसले. त्यांनी येण्याआधीच तो हिशेब केला होता, हे उघड होतं.

"समद्यांचं ठरलं," राहीबाई म्हणाली. "माझं काय?"

"मावशी, पुढच्या महिन्यापासून बोंबील नको," झुंबर घाईनं म्हणाला. "फी माफ."

"ती तर माफच हाय. दर महिन्याला वाटा बी देशील तू. पर माझं नाव पायजे. पाटीवर."

"उद्याच फ्लेक्स छापतो."

"फ्लेक्स उन्हात फाटतं. हातानं लिव. रंगानं."

झुंबरनं विक्रमशेठकडे पाहिलं. विक्रमशेठ छताकडे बघत होते. त्यानं सुगंधाकडे पाहिलं. ती शिडी आणायला उठली होती.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर चांगलीच गर्दी जमली. झुंबर गर्जे शिडीवर होता. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातानं पाटीचा कोपरा घट्ट धरलेला. प्रत्येक पायरीला गुडघे असे वाजत होते की खालचे लोक वर बघत. शिडी सुगंधानं धरली होती. स्नेहल लग्नाच्या मेंदीसकट रंगाचा डबा घेऊन उभी होती.

"काका, म्हणजे यावेळी पण बाजाराच्या आधी बदललात?" तिनं विचारलं.

"अर्थात," झुंबर वरून म्हणाला. "माझा पहिल्यापासून हाच बेत होता." आणि त्यानं 'झुंबर'शेजारी, 'डिजिटल'च्या जागी, 'राहीबाई' पुरं केलं. अक्षर तेच, लोकांना परवानगीशिवाय आत आणणारं. त्यानं ब्रश खाली द्यायला हात लांब केला.

राहीबाई डोळ्यांवर हात धरून पाटीकडे बघत होती.

"नाव बरं झालं," ती म्हणाली. "आता वर दोन बोंबील काढ."

झुंबरनं लांब केलेला हात मागं घेतला, आणि गुडघ्यांची माफी मागत एक पायरी आणखी वर चढला.