विना आवाज

पाणीपुरवठा ऑफिसातले हेडक्लार्क एक गाणं विकत घ्यायला बसले, ते तीन दिवस उठलेच नाहीत. (जेवायला उठले. तेवढं धरू नका.)

गाणं बायकोसाठी हवं होतं. बाई पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून शनिवारी निवृत्त होणार होत्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या लाडक्या कॅसेटवर हेडक्लार्कांनी "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" असं पाऊण तास रेकॉर्ड करून ठेवलं होतं. टेप चालतो का ते बघायला. ते गाणं बाईंना पुन्हा कुठे मिळालं नाही आणि हेडक्लार्कांना माफी मिळाली नाही.

"निरोपसमारंभात तेवढं गाणं लावा," बाई म्हणाल्या, "मग जन्मात कॅसेटचं नाव काढणार नाही."

"स्वच्छ हवं ना?"

"अगदी स्वच्छ! तो खरखर आवाज नको हो त्यात."

आता ऑनलाइन गाणं घ्यायला असा किती वेळ लागतो? पण हेडक्लार्क तुलनात्मक तक्त्याशिवाय टाचणीसुद्धा घेत नसत. कागद आखला, लाल शाईने रकाने पाडले. पहिल्या सर्व्हिसपुढे शेरा पडला : 'वर्गणी थांबली की गाणं गायब. हे दुकान नव्हे, लायब्ररी.' दुसरीपुढे : 'गाणं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाजणार, बाहेर पाठवत नाहीत. सासर खाष्ट आहे.' तिसरी मात्र गाणं कायमचं हातात देत होती, आणि त्यातही दोन प्रकार. एक नुसतंच. दुसऱ्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'विना आवाज'.

हेडक्लार्कांना भरून आलं. खरखर नाही म्हणजे नाहीच! (लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, गायिकेविना. पण आपल्याकडे गळ्यालाही आवाज आणि खरखरीलाही आवाज. त्याला ते बिचारे काय करणार?) अर्धं मिनिट नमुना ऐकायची सोय होती. ऐकला. नुसती बासरी. 'सुरुवात समाधानकारक,' असा शेरा मारून त्यांनी सही ठोकली.

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला. स्टेजवर बाई, शेजारी मुख्याध्यापिका, पुढे फुलांनी सजवलेला बाईंचा मोठा फोटो. हेडक्लार्कांनी स्टेजच्या कडेला उभं राहून मोबाइल हातातल्या माइकला टेकवला. बासरी सुरू झाली. संथ, जड. एक मिनिट गेलं, गायिका काही येईना. मुख्याध्यापिकेला काय वाटलं कोण जाणे, ती मान खाली घालून उभी राहिली. ती उठली म्हणून शिक्षक उठले, शिक्षक उठले म्हणून पालक उठले. सगळा हॉल हात जोडून स्तब्ध! एकट्या बाई गुच्छ कवटाळून बसलेल्या. (आपल्यासाठी आपणच उठावं का, हे त्यांना ठरवता येईना.)

नेमके तेव्हा जुने ड्रॉइंग मास्तर उशिरा आत शिरले. उभ्या माणसांच्या आड बसलेल्या बाई त्यांना दिसल्या नाहीत. दिसला तो फुलांतला फोटो. ते तडक हेडक्लार्कांपाशी आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार वाईट झालं हो."

हेडक्लार्क मोबाइलकडे बघत म्हणाले, "माझीच निवड चुकली, मास्तर."

"असं नका बोलू. निदान आज तरी."

"तीन पाहिल्या होत्या मी. कागदावर हीच बरी दिसली, म्हणून घेतली. फसलो!"

"अहो, काय बोलताय!"

"खरं तेच बोलतोय. आता घरी जातो आणि आजच दुसरी बघतो."

"आजच?" मास्तरांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मग काय! फोनवर पटकन मिळते, आधी नमुना पण दाखवतात. आणि हिला परत घेतात का, तेही विचारून बघतो."

बासरी केव्हाच संपली होती. माइक चालूच होता.

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम वर आल्या. बाई उठल्या. त्यांना चालताना पाहून मास्तर मटकन खुर्चीत बसले. बाईंनी नवऱ्याच्या हातातून शांतपणे माइक घेतला, नकाशात नदी डोंगरावर चढवणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि मुख्याध्यापिकेकडे वळून विचारलं,

"बाई, मुदतवाढीचा अर्ज आत्ता दिला तर चालेल का?"